पहिल्या आकड्याचं जोतं

ज्या खोलीत मी पहिल्यांदा एक अख्खं शहर बुडवलं, त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एसी दोनच ठिकाणी होता, प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये आणि कॉम्प्युटर रूममध्ये. चपला मात्र कॉम्प्युटर रूमबाहेरच काढायच्या. धूळ गेली तर मशीन बिघडतं म्हणे. मी यायची भिलाईजवळच्या जामुलहून. तिथल्या सिमेंट कारखान्यात नवऱ्याची नोकरी, त्यामुळे बसमधून उतरले की केसांतून, पदरातून, पर्समधून सिमेंट झडायचं. चपला दाराबाहेर ठेवल्या की मी एकदम स्वच्छ कशी होते, हे मला कधी कुणी समजावून सांगितलं नाही.

मी त्या कॉलेजात सिव्हिल शिकवत होते आणि जोडीला माझं एम.ई. चालू होतं. विषय असा, की समुद्रकाठच्या शहरात वादळाच्या वेळी पाणी कुठवर शिरेल ते कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. हसणारच. आमचं राज्य तेव्हा मध्य प्रदेश, चारी बाजूंनी जमीन. माझे गाइड माळव्यातले, त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही लग्नानंतर, म्हणजे समुद्राकडे त्यांचं किती लक्ष असेल ते आपण समजू शकतो. मी तर एकदाही पाहिला नव्हता. "दुर्गजवळ शिवनाथला दरवर्षी पूर येतो, तो तुला दिसत नाही का?" असं नवरा विचारायचा. दिसत होता. पण शिवनाथ कधी किती चढणार, याचं छापील पुस्तक कुणी काढत नाही. समुद्राचं निघतं. आणि ते पुस्तक माझ्या हातात आयतं आलं होतं.

ते दिलं शेजारच्या काकांनी. भिलाईच्या सेक्टर २ मध्ये आमच्या क्वार्टरला भिंत लावून त्यांचं क्वार्टर. ते आंध्रचे, आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा आणि ते पोलाद कारखान्याच्या एकाच मिलमध्ये, एकाच शिफ्टमध्ये. मी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जेवून मोठी झाले. काका रिटायर होऊन समुद्रकाठच्या आपल्या शहरी परत गेले. त्यांचा भाचा तिथल्या बंदरात होता. माझा विषय ठरेना हे कळल्यावर काकांनी त्याच्याकडून भरती-ओहोटीचं पुस्तक आणि शहराचा उंचसखल दाखवणारा नकाशा मिळवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवला. सोबत आंब्याचं लोणचंही होतं, त्याचं तेल नकाशावर सांडलेलं. त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे लोक अजून घरं घेतात-विकतात, उगाच कुणाच्या घराला माझी नजर लागायला नको.

काम दिसायला सोपं होतं. नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीला जमिनीची उंची द्यायची, मग समुद्राकडच्या चौकटींत पाणी वाढवत न्यायचं. एका चौकटीत पाणी पुरेसं साचलं की ते शेजारच्या सखल चौकटीत जाईल, तिथून पुढच्या. ओट्यावर सांडलेलं दूध कुठल्या बाजूला पळेल हे बाईला आपसूक कळतं, तेच मशीनला फोरट्रान या त्याच्या भाषेत बसवून सांगायचं. शेवटी प्रिंटर करकरत कागद ओकायचा. कोरड्या चौकटीला टिंब, ओल्या चौकटीला फुली.

हे कागद मी आईला नेऊन द्यायची. एका बाजूनं कोरे, जाड, लांबलचक. आईला फार आवडायचे. तिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवर ते अंथरले होते. त्यामुळे आमचे तिखट-हळदीचे डबे क्वार्टर सोडेपर्यंत एका बुडालेल्या शहरावर उभे होते.

त्याच सुमाराला बाबांचं रिटायरमेंट जवळ आलं. भिलाईतल्या माणसाला रिटायरमेंटची बातमी पहिल्यांदा त्याच्या घराकडून कळते. इतकी वर्षं आपण ज्या भिंतींना चुना लावला, ज्या अंगणात पेरू लावला, ते क्वार्टर आपलं नाही हे एकदम आठवतं. मग जो भेटेल तो एकच विचारतो, कुठे जाणार? कुणी रायपूरला प्लॉट घेतलेला असतो, कुणी गावी परततो. आमच्या बाबांनी गावचा वाटा केव्हाच भावांना देऊन टाकला होता. ते "पाहू" म्हणायचे. "पाहू" म्हणताना ते आईकडे पाहायचे नाहीत, त्यावरून मला त्यांची काळजी कळायची.

आणि एक दिवस काकांचा फोन मिलमधल्या ऑफिसात आला. त्यांच्या घराला लागून प्लॉट रिकामा होता. भिलाईहून तिकडच्या नव्या प्लांटात बदली झालेले आणखी काहीजण तिथेच घरं बांधत होते. "भाईसाब, दीवार से दीवार मिला के रहेंगे, जैसे वहाँ रहते थे," काका म्हणाले. बाबा घरी आले ते वेगळेच. भट्टीच्या धगीत आयुष्य गेलेला माणूस, आता समुद्राच्या वाऱ्याला बसणार म्हणून हरखून गेला होता. आईसुद्धा फार कुरकुरली नाही. काकू तिकडे होत्या ना.

 पण तो प्लॉट माझ्या नकाशात होता.

दुसऱ्या दिवशी मी कागद टेबलावर पसरला. बंदर सापडलं, खाडी सापडली, खाडीला मिळणारा नाला सापडला. नाल्यापासून बोट सरकवत काकांच्या घराच्या चौकटीवर आणलं. फुली. शेजारची चौकट आमची. तिथेही फुली. तोवर त्या फुल्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या आणि मला त्यांचं काही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या जास्त आल्या की बरंच वाटायचं. जास्त फुल्या म्हणजे प्रबंधात लिहायला जास्त. आता एका फुलीत आई-बाबा राहायला निघाले होते.

बाबांना सांगायला मी घाबरत होते ते वेगळ्याच कारणानं. ते वाद घालतील अशी भीती नव्हती. ते ऐकतील अशी भीती होती. कॉम्प्युटरनं छापलं म्हणजे ते खरं, असा त्यांच्या पिढीचा विश्वास होता. प्लांटची हजेरी कॉम्प्युटरवर गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात बाबांची एका दिवसाची गैरहजेरी लागली. हा माणूस भांडायला गेला नाही. घरी आला आणि आईला विचारलं, "अवो, त्या दिवशी मी ड्युटीवर गेलतो न?"

"गेलते न बाप्पा! मंग डबा कोनाले देल्ला मी?"

"कॉम्प्युटरनं तं ॲबसेंट लावलं." आणि ते खरोखर विचारात पडले होते.

तर अशा बाबांना मी फुली दाखवली. पाणी किती चढेल तो आकडाही सांगितला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ कागद पाहिला. प्लॉट सोडतील, मग सगळं मुसळ केरात, आणि पुन्हा तो "पाहू", असं माझ्या मनात चाललं होतं. पण बाबा म्हणाले, "ठीक हाये. मंग जोतं त्याच्यावर घेऊ." बस एवढंच. पाणी इतकं येतं तर घर त्याच्याहून उंच. मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. जे येतं ते येणारच असं धरून आपण बाजूला व्हायचं. "यात काई चूक तं नाई न?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. त्यांनी आकडा काकांना कळवला, काकांनी मिस्त्रीला.

चूक पावसाळा संपता संपता सापडली. गाइड म्हणाले, वादळाच्या दिवसांसोबत एक साधा दिवसही दाखव, म्हणजे तुलना होईल. मी वादळ काढून टाकलं, वारा काढला, पौर्णिमेची नेहमीची भरती तेवढी ठेवली. प्रिंटर करकरला. काकांच्या चौकटीत फुली.

आधी मला हसूच आलं. निरभ्र आकाश, वारा नाही, आणि काका-काकू दर पौर्णिमेला पाण्यात उभे! ते तिथे केव्हापासून राहत होते, पाय कोरडे ठेवून. मग हसू विरलं. मी बंदराचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा बारीक मजकूर मी आजवर वाचलाच नव्हता. पुस्तकाचं पहिलं पान कोण वाचतं? तिथे लिहिलं होतं, की या पुस्तकातलं शून्य म्हणजे सगळ्यात खोल ओहोटीची पातळी. जहाजं तळाला टेकू नयेत म्हणून बंदरवाले तिथून मोजतात. आणि नकाशावरचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. समुद्राला दोन शून्यं होती. मी एकावरून पाणी मोजलं होतं आणि दुसऱ्यावरून जमीन. दोन्हींत फरक माणसाच्या मांडीएवढा, आणि तेवढं पाणी मी त्या शहरात फुकट ओतलं होतं.

किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. त्याला ओहोटीत उघडी पडलेली जमीन दिसते, आपण कुठल्या रेषेपासून बोलतोय हे त्याला ठाऊक असतं. आमच्याकडे पातळी म्हटलं की एकच. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वाचून आम्ही मोठे झालो. समुद्र सपाट असतो असंच आम्ही धरून चाललो होतो. गाइडना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "यह तो मेरे भी ध्यान में नहीं आया." बिचारे खरं बोलले.

दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. पुन्हा चालवलं. साध्या दिवशी सगळं कोरडं. मोठ्या वादळातही पाणी आमच्या चौकटीच्या अलीकडे थांबत होतं; जोतं साधारण इतरांएवढं असलं तरी चालणार होतं. मी कागद घेऊन तशीच सेक्टर २ ला गेले. बाबा मागच्या अंगणात पेरूखाली खाट टाकून बसले होते. आई तांदूळ निवडत होती.

"बाबा, पहिला आकडा चुकला होता. हा बरोबर आहे. जोतं मांडीभर खाली घेतलं तरी चालेल, मिस्त्रीला सांगा."

"पयला कसा चुकला?"

मी दोन शून्यांचं सांगितलं. बाबांनी मान हलवली. "समुद्राले दोन झिरो! आता याच्यात तं काई चूक नाई न?"

"नाही."

"पयल्या खेपेलेही तू असंच म्हनली होती." ते टोमणा मारत नव्हते. तो मारला असता तर बरं झालं असतं. मी भडकले. गाइडनी तपासलंय, साध्या दिवसाशी जुळवून पाहिलंय, चूक सापडली म्हणजेच पद्धत बरोबर आहे, आणि तुम्हाला हजेरी लावणारा कॉम्प्युटर चालतो पण पोरीचा चालत नाही, असं काय काय बोलले. आईनं सुपातून मान वर केली. "कावून वरडून राहिली तू बापावर? ऐकू येते त्यायले."

बाबा शांतच. "तुया हिशेब बरोबर हाये. मी हिशेब नाई विचारून राहिलो. मले एवढंच सांग. आमी तिथं असलो, वादळ आलं, अन् तू इथं असली, तं तुले कोन्त्या आकड्यावर झोप लागन?"

असा प्रश्न कुणी मला कधी विचारला नव्हता. परीक्षेतही नाही. आकडा काय झोपेसाठी असतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "पहिल्या."

"मंग झालं," बाबा म्हणाले, आणि आईला चहाचं सांगितलं.

मला वाटलं, बोलणं संपलं. ते खरंच तसं बांधतील हे माझ्या ध्यानात आलं नाही. रिटायर होऊन त्यांनी क्वार्टरची किल्ली दिली, सामान ट्रकमध्ये चढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी वास्तुशांतीला गेले तेव्हा लांबूनच ते घर ओळखू आलं. सगळी कॉलनी गुडघाभर जोत्यावर, आणि आमचं घर त्यांच्यात पाटावर उभं राहिलेल्या पोरासारखं. पायऱ्याच पायऱ्या. येणारा प्रत्येकजण विचारायचा, एवढं उंच का? आणि बाबा अभिमानानं सांगायचे, पोरीनं कॉम्प्युटरवर काढलं.  लोकांच्या चुका फायलीत मिटून जातात. माझी बाबांनी विटांत बांधली, वर तिला पिवळा रंग दिला. नवऱ्यानं तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सिमेंट तरी जामुलचं आहे का?" मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काका हौसेनं घेऊन गेले होते. सगळे पाय भिजवत होते. मी ओहोटीची ओली रेघ आणि भरतीची वाळलेली रेघ शोधत बसले, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर पाहून मला पुन्हा लाज वाटली.

पुढे आईचे गुडघे दुखायला लागले. सुरुवातीला ती बाजारहाट करायची, मग पायऱ्या नको म्हणून वरच बसायला लागली. काकू खालून हाक मारायच्या, ही वरून बोलायची. भिंतीला भिंत लावून राहायला गेलेल्या बाया, आणि मध्ये माझी चूक. फोनवर बाबा आईचा निरोप सांगायचे, "तुया कॉम्प्युटरच्या पायऱ्या माया गुडघ्यात गेल्या बाप्पा." ती थट्टेनं म्हणायची. पण मी रिसीव्हर ठेवल्यावर बाजारातून घरापर्यंत रडत जायची. बाबांना मी कितीदा म्हटलं, बाजूनं उतार बांधा, निदान कठडा लावा. मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा, की तुम्ही माझ्या घाबरटपणापायी आईला वर कोंडलं. ते "पाहू" म्हणायचे.

वादळ आलं ते आणखी काही वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर. सकाळच्या बातम्यांत रेडिओवर शहराचं नाव ऐकलं आणि माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. जामुलच्या बाजारात एक एसटीडी बूथ होता. काचेची पेटी, आत लाकडी स्टूल. बाबांच्या कॉलनीतल्या दुकानात फोन होता, दुकानदार हाक मारून द्यायचा. लाइन लागली. बाबाच आले. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"सरकारी जीप फिरून राहिली," बाबा म्हणाले. "कोळ्यायले वस्ती सोडा सांगून राहिले. आमाले म्हने सावध राहा. काही जन स्टेशनकडच्या शाळेत जाऊ म्हनतात. तू सांग. जाऊ का राहू?"

ते पुन्हा मलाच विचारत होते. मी डोळे मिटले. नकाशा मला तोंडपाठ होता. स्टेशनकडे जाणारा रस्ता नाल्यावरून जातो, तो घराच्या आधी बुडतो. म्हातारी माणसं, आईचे गुडघे, वाऱ्यात तो रस्ता. "घरीच राहा," मी म्हणाले. "काका-काकूंना वर बोलवून घ्या. खाली कुणी थांबू नका." "बरं," बाबा म्हणाले, इतक्या सहज, की मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो इतक्या लवकर माझं ऐकू नका.

दुपारी पुन्हा बूथवर गेले तेव्हा लाइन मेली होती.

कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन मी माझा प्रबंध उघडला. काय शोधत होते कोण जाणे. दुसऱ्या आकड्यानं पाणी घरापर्यंत पोचतच नव्हतं, पहिल्यानं पोचलं तरी जोतं वर होतं. दोन्हींकडून माझं बरोबर होतं. मग शेवटच्या पानांतलं ते एक वाक्य दिसलं, जे सगळेच लिहितात, मार्क जाऊ नयेत म्हणून. या अभ्यासात पावसाचं पाणी धरलेलं नाही.

माझ्या मशीनमधल्या वादळात पाऊसच पडत नव्हता. समुद्र वर येत होता, वारा होता, सगळं होतं, आणि शहरावर एक थेंब नव्हता. खरं तर पाऊस पडणार, आणि ते पाणी नाल्यानं समुद्राकडे निघणार, आणि नाल्याचं तोंड भरतीखाली गेलेलं असणार. बाहेर जायला वाट नाही. ते पाणी कॉलनीतच चढत राहणार. किती? मी पेन्सिल घेऊन बसले. पाऊस किती पडेल ते माहीत नव्हतं. जास्त धरला तर पाणी इतरांच्या घरांत जात होतं. आणखी जास्त धरला तर आमच्या वरच्या पायरीला लागत होतं. मी रेषा ओढायची, खोडायची. चपला घालूनच आत आले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी भिलाईवर ढग आले. हिवाळ्याच्या तोंडावर चिरचिर पाऊस लागला. लोक म्हणाले, बंगालच्या उपसागरातलं वादळ इकडे सरकलं. जामुलच्या सिमेंटवर चिखल झाला. मी दारात उभी राहून तो पाऊस पाहत होते, मनात येत होतं की हेच ढग काल त्यांच्यावर होते. त्यांच्याकडचा पाऊस माझ्यापर्यंत आला आणि त्यांचा आवाज येत नव्हता. नवऱ्यानं सुट्टी टाकली. तो बूथवर जायचा, मी रेडिओजवळ बसायची, मग मी बूथवर आणि तो रेडिओजवळ. बूथवाला आम्हाला पाहून आधीच मान हलवायचा. रेडिओवाले शहराचं नाव घेऊन सखल भागात पाणी शिरलं म्हणायचे. सखल भाग म्हणजे कोणता, हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी अंथरुणावर पडायची आणि उठायची. देवासमोर दिवा लावून म्हणाले, माझं सगळं चुकलेलं असू दे, पाणी येऊच देऊ नको. मग वाटलं, नाही, पहिलं चुकलेलं बरोबर असू दे. देवालाही काय मागावं ते मला नीट सांगता येत नव्हतं.

अखेर फोन बूथवरच आला. काकांच्या भाच्यानं बंदरातून कशीबशी लाइन मिळवली होती आणि बाबांना तिथवर नेलं होतं. बूथवाल्याचं पोर धावत आलं. मी अनवाणी पळाले.

"बाबा, पाणी?"

"आलं."

मी काचेला धरलं.

"समुद्रातून नाई आलं. नाल्यातून आलं, उलटं. काकायच्या घरात पलंग तरंगला. सगळ्यायच्या घरात शिरलं." ते दमले होते, पण आवाज घट्ट होता. "आपल्या घरात नाई आलं. वरच्या पायरीच्या खाली थांबलं. सगळे आपल्या इथंच होते, वरांड्यात, खोल्यायमंदी, पाय ठेवाले जागा नाई. पूरा सेक्टर दोन. तुयी आई पहिल्या दिवसापासून भात लावून राहिली."

 दुसरा आकडा बरोबर होता, समुद्र आला नव्हता. आणि त्या बरोबर आकड्यावर बांधलं असतं तर पलंग आईचाही तरंगला असता. हे मला एकदम सांगायचं होतं, माफीही मागायची होती, पायऱ्यांची, गुडघ्यांची, सगळ्याची. "बाबा, त्यात पाऊस नव्हता," एवढंच तोंडातून निघालं. "मी पाऊस धरलाच नव्हता."

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "तू झोपली होती का?"

ते घर त्यांनी पाण्यासाठी उंच बांधलंच नव्हतं. मला झोप लागावी म्हणून बांधलं होतं. आणि वादळाचं नाव ऐकल्यापासून मी डोळ्याला डोळा लावला नव्हता.

"हो बाबा," मी म्हणाले. "झोपले होते."

फोनजवळच कुठेतरी आई असावी. ती पायऱ्या उतरून, दुखऱ्या गुडघ्यांनी बंदरापर्यंत आली होती. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"खोटं बोलून राहिली ते. तिले म्हना, आता झोप."